रोश हशाना ते सिमहाथ तोरा: ठाणे-नवी मुंबईकरांनी यंदा कधी, कुठे आणि कसं जमायचं?

चरईकर | रविवार, ९ ऑगस्ट २०२६, रात्री ९.४०

शालोम मंडळी.

सण तोंडावर आले की फोनवर तेच ते प्रश्न सुरू होतात. "किप्पूर कधी?" "शोफार किती वाजता?" "गाडी कुठे लावायची?" म्हणून या वेळी महिनाभर आधीच धागा काढतोय.

या फोरमवर सगळे आपल्यातले नाहीत, त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावोगावी शनवार तेली म्हणून ओळखले गेले. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर ही आडनावं तिथलीच. ठाण्यातलं आमचं प्रार्थनामंदिर म्हणजे टेंभी नाक्याचं शार हाशामाईम सिनेगॉग, १८७९ सालचं. चरई, उथळसर, खोपटपासून कळवा, मुलुंड, ऐरोलीपर्यंतची माणसं इथे येतात.

आता तारखा. एलूल महिना १४ ऑगस्टला लागतोय, म्हणजे पहाटेचे सेलिहोथ (क्षमायाचनेच्या प्रार्थना) सुरू होतील. रोश हशाना, म्हणजे आमचं नवं वर्ष, शुक्रवारी ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी लागतो, सणाचे दिवस शनिवार १२ आणि रविवार १३. सोमवारी १४ ला गेदालियाचा उपास, त्याच दिवशी गणेश चतुर्थी. कोल निद्रे (किप्पूर लागतानाची प्रार्थना) रविवारी २० ला संध्याकाळी, किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस, सोमवार २१. सुक्कोथ (मांडवांचा सण) शुक्रवारी २५ ला संध्याकाळी लागतो, आणि ती अनंत चतुर्दशी आहे! शेमिनी अझेरेथ शनिवार ३ ऑक्टोबर, सिमहाथ तोरा रविवार ४ ऑक्टोबर. प्रार्थनेच्या नेमक्या वेळा सिनेगॉगच्या फलकावर लागतील त्याच खऱ्या. मी फक्त सूर्यास्ताचा अंदाज देतो: ११ तारखेला पावणेसातच्या जरा आधी, २५ ला साडेसहाच्या सुमारास. दिवे त्याच्या आधी लागले पाहिजेत.

एक गोष्ट ठळक लिहितो, कारण दरवेळी कोणीतरी नाराज होऊन परत जातं. रोश हशानाचा पहिला दिवस शनिवारी आला की त्या दिवशी शोफार (मेंढ्याचं शिंग) फुंकत नाहीत. मुलांना शोफार ऐकवायला आणणार असाल तर रविवारी १३ ला सकाळी या. रविवार आहे, मेगाब्लॉक आहे का ते आधी बघा.

आणि जे सांगायला खरं म्हणजे बसलो ते हे. किप्पूरला पाय ठेवायला जागा नसते. दिवाबत्ती, कपडे, गाठीभेटी, सगळं झकास. पण सोमवार-गुरुवारच्या सकाळी तोरा (धर्मग्रंथाची गुंडाळी) बाहेर काढायची तर दहा पुरुष लागतात, आणि आठ-नऊ जमले की पुढचा अर्धा तास फोनाफोनीत जातो. कोणाचे वडील गेलेले असतात, कद्दिश (गेलेल्यांसाठीची प्रार्थना) म्हणायची असते, तो बिचारा दाराकडे बघत उभा असतो. मोठ्या सणांना तुम्ही याल याची मला खात्री आहे, त्यासाठी धागा लागत नाही. सेलिहोथच्या एखाद्या पहाटे, नाहीतर सणानंतरच्या एखाद्या साध्या गुरुवारी कोण येईल ते इथे लिहा. आपण वारानुसार यादी करू.

---

ऐरोली_ते_ठाणे | १० ऑगस्ट, सकाळी ७.१५

गुरुवारी मी येतो. ट्रान्स हार्बरची पहाटेची गाडी पकडली तर ऐरोलीहून ठाणे काहीच नाही, तिथून चालत पंधरा-वीस मिनिटं. रबाळ्याला ऑफिस आहे, परत उलट्या दिशेने जाताना बसायलाही मिळतं. पण प्रार्थना आठच्या आत संपायला हवी. मागे एकदा संपल्यावर चहा आणि गप्पांत असा अडकलो की साहेबाला खोटं सांगावं लागलं.

---

जुनाटेंभीकर | १० ऑगस्ट, सकाळी ९.०२

चहा पिऊ नका, निघून जा, कोणी धरून ठेवत नाही. दहावा माणूस मिळाल्याशी मतलब. माझं नाव सोमवार आणि गुरुवार दोन्हीकडे घाला.

---

घोडबंदरची_रिमझिम | १० ऑगस्ट, दुपारी १.३०

चरईकर दादा, शोफारचं बरं झालं सांगितलंत. मुलगा वर्षभर वाट बघतो.

एक विचारू का, भांडण नको. आम्ही ओवळ्याला राहतो. शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) आणि सणाला चालत येणं शक्यच नाही. सासूबाईंचे गुडघे गेलेत. गाडीने आलो की काही लोक असं बघतात की आत जावंसं वाटत नाही.

---

जुनाटेंभीकर | १० ऑगस्ट, दुपारी ३.१०

नियम तो नियम. शब्बाथला गाडी नाही. आमचे वडील कळव्याहून पूल ओलांडून चालत यायचे, पावसात सुद्धा.

---

मुलुंड_चेकनाका | १० ऑगस्ट, दुपारी ३.४५

काका, तुमचे वडील कळव्याहून आले. ओवळ्याहून आले असते का? तेव्हा घोडबंदर रोडला वस्ती किती होती? आता चरईत नवीन फ्लॅट घ्यायची कोणाची ऐपत आहे सांगा. मुलं लांब राहायला गेली हा त्यांचा गुन्हा नाही.

---

चरईकर | १० ऑगस्ट, रात्री १०.०५

दोघंही थांबा. गाडीने यायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी स्वतः चालत येतो कारण मला पाच मिनिटं लागतात, त्यात माझी काही पुण्याई नाही. रिमझिम ताई, तुम्ही सासूबाईंना घेऊन या. दारात हॉर्न आणि पार्किंगचा वाद तेवढा नको.

दुसरा मार्ग असा: ज्यांची घरं चरई-खोपटला आहेत त्यांनी ११ च्या रात्री एकेक कुटुंब मुक्कामाला ठेवून घ्यायचं. पूर्वी अलिबाग-पेणची पाहुणेमंडळी किप्पूरला अशीच उतरायची. माझ्याकडे चार जणांची सोय होईल. गाद्या आहेत, पंखा एकच आहे.

---

पंचांगप्रेमी | ११ ऑगस्ट, सकाळी ११.२०

मी ज्यू नाही, नौपाड्यातला कोकणस्थ. पण तारखा वाचून राहवलं नाही. गेल्या वर्षी तुमचं किप्पूर आणि आमचा दसरा एकाच दिवशी होते ना, २ ऑक्टोबर २०२५? रोश हशाना घटस्थापनेच्या संध्याकाळी लागला होता आणि सुक्कोथ कोजागिरीला. मग यंदा एकदम गणपतीत कसे आलात?

उत्तर मीच शोधलं. दोन्ही पंचांगं चंद्रावर महिने मोजतात आणि सूर्याशी मेळ घालायला मधूनमधून एक महिना वाढवतात. यंदा आमच्याकडे १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ होऊन गेला, त्यामुळे आमचे सण महिनाभर पुढे गेले. तुमचा जादा महिना २०२७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पहिला अदार म्हणून येणार आहे. तोवर तुमचे सण एक महिना आधी. १९ वर्षांत तुम्ही नेमके ७ महिने वाढवता, आमचा हिशोबही जवळपास तोच. २०२७ च्या मार्चमध्ये तुमचा पुरीम आणि आमची होळी पुन्हा शेजारीशेजारी येतील.

---

चरईकर | ११ ऑगस्ट, दुपारी २.००

वा! हे आमच्या पाठशाळेत येऊन सांगा. आमची आजी पुरीमला सरळ होळीचा सणच म्हणायची आणि किप्पूरला दारफळणीचा सण. किप्पूरच्या आदल्या संध्याकाळी घराची दारं लागायची ती दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत उघडायची नाहीत.

गेल्या वर्षी टेंभी नाक्यावर देवीची गर्दी आणि आम्ही पांढऱ्या कपड्यांत उपाशी त्यातून वाट काढतोय, असा प्रकार होता. यंदा घटस्थापना ११ ऑक्टोबरला, तेव्हा नवरात्रातून सुटलो. त्याऐवजी विसर्जन वाट्याला आलंय.

---

मंडळाचा_कार्यकर्ता | ११ ऑगस्ट, रात्री ११.३०

नमस्कार काका. जांभळी नाक्याजवळच्या एका मंडळात आहे. तुमच्या तारखा आमच्या पोरांना वाचून दाखवल्या. २० तारखेला सात दिवसांचे गणपती निघणार, म्हणजे तुमची कोल निद्रे की काय ती आणि आमची तलावपाळीची मिरवणूक एकाच वेळी. २५ ला तर विचारूच नका. ढोल थांबवतो असं तोंडभरून आश्वासन देणार नाही, कारण एक मंडळ थांबलं तरी मागचं थांबत नाही. तुमची वेळ थोडी मागेपुढे होते का?

---

चरईकर | १२ ऑगस्ट, सकाळी ६.५०

भाऊ, खरं बोललात याबद्दल आभार. आमची वेळ सूर्य ठरवतो, मागेपुढे करता येत नाही. सूर्यास्ताच्या आधी सुरू व्हायलाच हवी. ढोल वाजू देत, आम्हाला सवय आहे. आमची अडचण वेगळी आहे. तीन-चार वयस्क माणसं व्हीलचेअरवर येतात. संध्याकाळी साडेपाच ते सहा आणि नंतर प्रार्थना सुटल्यावर रस्ता ओलांडायला तुमची दोन पोरं मिळाली तर पुष्कळ. पोलिसांनी बांबू बांधले की खुर्ची वळत नाही, हा दरवर्षीचा अनुभव.

---

मंडळाचा_कार्यकर्ता | १२ ऑगस्ट, दुपारी १२.१०

दोन काय, चार देतो. मंडळाचा टी-शर्ट असेल अंगात. नंबर व्यक्तिगत संदेशात पाठवा.

---

कोपरखैरणे_काकू | १२ ऑगस्ट, दुपारी ४.२५

तुमचं मिनियान (दहा पुरुषांची जमवाजमव) झालं, गाड्या झाल्या, ढोल झाले. हलव्याचं कोण बघणार?

रोश हशानाला चिकाचा हलवा घराघरात व्हायचा. आता घरात दोन माणसं, एवढा खटाटोप करणार कोण? म्हणून मी ठरवलंय, गुरुवारी १० सप्टेंबरला आपण सगळ्यांनी मिळून करायचा. शुक्रवारी नको, दिवे लावायची घाई असते. आमच्या सोसायटीच्या कमिटीने हॉल द्यायला नकार दिला ("वास येतो" म्हणे, हलव्याचा!), तेव्हा माझ्याच घरी.

नवीन मुलींसाठी लिहिते. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, नाहीतर आंबूस वास धरतो. मग वाटायचे आणि फडक्यातून पिळायचे. तो पांढरा चीक रात्रभर झाकून ठेवला की खाली बसतो, वर पिवळट पाणी येतं. ते हलक्या हाताने ओतून टाकायचं. भांडं हललं तर पुन्हा दोन तास थांबा. मग चीक, नारळाचं दाट दूध, साखर, चिमूटभर मीठ एकत्र करून जाड बुडाच्या पातेल्यात थंड असतानाच नीट ढवळायचं. विस्तव त्यानंतर. आच मंद, आणि हात थांबवायचा नाही. आधी पातळ असतो तेव्हा सगळ्या हौसेने ढवळतात. तासाभराने घट्ट होतो, चाटू उभा राहायला लागतो, तेव्हा एकेकीला फोन यायला लागतात. खरी गरज तेव्हाच असते! कडा सोडून गोळा फिरायला लागला आणि बोटाला चिकटेनासा झाला की वेलची-जायफळ घालून ताटात थापायचा, वरून बदाम-पिस्ते दाबायचे. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही.

तूप नाही, दूध नाही, सगळं नारळावर. आपल्यात मटणासोबत दुधाचं चालत नाही, पण हा मटणाच्या जेवणानंतरही चालतो. चायना ग्रास घालून अर्ध्या तासात होतो असं मला कोणी सांगू नये. तो वेगळा पदार्थ आहे.

गहू मी सोमवारी ७ ला भिजत घालते. ढवळायला सहा जणी आणि नारळ खवायला दोन पुरुष हवेत.

---

घोडबंदरची_रिमझिम | १२ ऑगस्ट, संध्याकाळी ६.००

काकू मी येते, शेवटच्या तासाला माझं नाव लिहा. किद्दुशचं (सणाच्या आशीर्वादाच्या पेल्याचं) सरबतही तिथेच करायचं का? माझं नेहमी गढूळ होतं.

---

कोपरखैरणे_काकू | १२ ऑगस्ट, संध्याकाळी ६.४०

मिक्सर फिरवतेस ना? म्हणून. काळ्या मनुका धुऊन रात्रभर भिजव, सकाळी हाताने कुस्कर, मलमलच्या फडक्यातून गाळ. पिळू नको, आपोआप गळू दे.

---

नौपाडा_वाचक | १३ ऑगस्ट, सकाळी १०.१५

छान धागा. इतकी वर्षं सिनेगॉगच्या दारावरून जातोय, आत कधी गेलो नाही. आमच्यासारख्यांना सणाला येऊन बघता येईल का?

---

चरईकर | १३ ऑगस्ट, दुपारी १.२०

जरूर या, पण या सणांना नको. तेव्हा आमचीच माणसं उभी असतात. साध्या दिवशी आधी ऑफिसात विचारून, सोबत ओळखपत्र घेऊन या. नोव्हेंबर २००८ मध्ये नरिमन हाउसवर हल्ला झाला, तेव्हापासून बंदोबस्त असतो आणि रक्षक प्रश्न विचारतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. डोकं झाकायला टोपी किंवा रुमाल. शब्बाथला आणि सणाला आत फोटो नाही, फोनही नाही.

हनुक्काला, आमच्या दिव्यांच्या सणाला, या. पहिला दिवा यंदा शुक्रवारी ४ डिसेंबरला आहे, तो घाईचा दिवस, कारण तो दिवा शब्बाथच्या दिव्यांच्या आधी लावावा लागतो. त्यानंतरची एखादी संध्याकाळ धरा.

---

पेटीवाला | १४ ऑगस्ट, रात्री १२.१५

उशिरा लिहितोय, माफी. आमच्या घरी आजोबांची कीर्तनाची वही आहे, मोडी नाही, सरळ बाळबोध अक्षर. योसेफाचं आख्यान संपूर्ण: भावांनी त्याला विहिरीत टाकलं तिथपासून मिसरच्या दुष्काळापर्यंत. साक्या, दिंड्या, आर्या, कटाव, मार्जिनमध्ये चालींची नावं. बेने इस्रायल कीर्तन १८८० च्या सुमारास सुरू झालं, हरदासी कीर्तनाचाच साचा, कथा तोरातल्या. माझ्या लहानपणी सुक्कोथच्या मांडवात एक ऐकलेलं आठवतं. बुलबुल तरंग वाजवणारे एक मामा होते, ते योसेफ विकला जातो त्या ठिकाणी दरवेळी रडायचे आणि तार चुकायची.

सुक्कोथचे पहिले दोन दिवस, २६ आणि २७, वाद्यं नाहीत. पण मधल्या दिवसांत चालतात. बुधवारी ३० सप्टेंबरला रात्री साडेसातला ठेवूया का? पेटी माझी. तबल्याला चरईतला मित्र येईल, तो दत्तमंदिरात भजनाला वाजवतो, त्याने चाली ऐकल्या आणि म्हणाला, "अरे, या तर आपल्याच."

---

जुनाटेंभीकर | १४ ऑगस्ट, सकाळी ८.३०

कीर्तनाला माझा पूर्ण पाठिंबा. जागेची परवानगी मी विचारतो. योसेफाचा बाप याकोब रक्ताने माखलेला झगा बघतो, ती दिंडी मला अजून पाठ आहे. म्हणायला द्या मला.

---

मुलुंड_चेकनाका | १४ ऑगस्ट, सकाळी ९.१०

काका दिंडी म्हणणार असतील तर मी मुलुंडहून चालत येईन.

पण मांडवाचं काय? सप्टेंबर अखेरीस ठाण्यात पाऊस असतोच. झावळ्यांच्या वर ताडपत्री घातली तर नियमाचा सुक्का (सणाचा मांडव) होत नाही, आणि नाही घातली तर पेटी भिजते.

---

पेटीवाला | १४ ऑगस्ट, दुपारी २.४०

ताडपत्री गुंडाळून बाजूला तयार ठेवायची. सर आली की ओढायची, थांबली की काढायची. फार पाऊस असेल तर मांडवात बसायची सक्ती नाहीच, आत हॉलमध्ये कीर्तन करू. गंमत म्हणजे आपण पावसाची प्रार्थना करतो शेमिनी अझेरेथला, ३ ऑक्टोबरला. ठाण्यात तेव्हा सगळे पाऊस जाण्याची वाट बघत असतात.

---

ऐरोली_ते_ठाणे | १५ ऑगस्ट, सकाळी ११.००

शिकण्याचं कोणी काढलं नाही म्हणून मी काढतो. प्रार्थना आम्ही देवनागरीत लिहिलेल्या पानांवरून वाचतो. तोंडपाठ झालीय, पण तोरा उघडली की एक अक्षर ओळखता येत नाही. माझ्या मुलीने विचारलं, "बाबा, तुम्ही नुसतं चालीवर म्हणता का?" काय सांगणार?

४ ऑक्टोबरला तोराचं वाचन संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, पुढच्या शनिवारी, १० तारखेला, बेरेशीथ, म्हणजे पहिला भाग. तिथून दर आठवड्याला एक भाग, आधी मराठीतून अर्थ, मग हिब्रूच्या चार ओळी अक्षर लावून. १८४६ साली मुंबईत मराठी अर्थासकट हग्गादा (वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी) छापला गेला होता. म्हणजे अर्थ कळायला हवा ही हौस काही माझीच नवी नाही. शनिवारी रात्री शब्बाथ सुटल्यावर साडेआठला व्हिडिओ कॉल करू, इस्रायलमधल्या अश्दोद आणि दिमोनाचे आपले नातेवाईकही येतील.

---

मुलुंड_चेकनाका | १५ ऑगस्ट, सकाळी ११.४०

आपले साडेआठ म्हणजे तिथले सहा. त्यांचा शब्बाथ तेव्हा सुटलेला नसतो, फोन कोण उचलणार? रविवारी करा. तिथे रविवार कामाचा दिवस, पण सहाला लोक घरी येतात. ऑक्टोबर अखेरीस त्यांची घड्याळं मागे जातात, तेव्हा आपले साडेआठ म्हणजे तिथले पाच होतील, मग अर्धा-एक तास पुढे ढकलू.

---

ऐरोली_ते_ठाणे | १५ ऑगस्ट, दुपारी १२.०५

रविवार पक्का. पहिला वर्ग ११ ऑक्टोबर. शिकवायला कोण? मला शिकायचंय, शिकवता येत नाही.

---

जुनाटेंभीकर | १५ ऑगस्ट, दुपारी १२.३०

अक्षरं मी लावून देतो. पण मला कॅमेरा सुरू करता येत नाही, कोणीतरी घरी येऊन बसा.

---

घोडबंदरची_रिमझिम | १५ ऑगस्ट, दुपारी १.००

काका, माझा मुलगा येईल. बारा वर्षांचा आहे, कॅमेरा तो लावेल, तुम्ही त्याला बार मिझवाची (तेराव्या वर्षीच्या संस्काराची) तयारी करून द्या. गाडीने सोडेन, रविवार आहे!

---

जुनाटेंभीकर | १५ ऑगस्ट, दुपारी १.१०

पाठवा. पहिल्या दिवशी चित्रांची वही नको, रेघांची आणायला सांगा.

---

चरईकर | १६ ऑगस्ट, सकाळी ७.४५

आजच्या सेलिहोथला अकरा जण होतो. पैकी दोघं हा धागा वाचून आले, असं म्हणाले.

यादी अशी झालीय. सोमवारी सात नावं, गुरुवारी नऊ. सोमवारला अजून तीन हवेत, मुख्यतः १४ सप्टेंबरला. त्या दिवशी गणपतीची सुट्टी आहे, तेव्हा ऑफिसचं कारण चालणार नाही. अर्थात ज्यांच्या शेजाऱ्यांकडे आरती-मोदकांचं आमंत्रण आहे त्यांनी आपला उपास आहे हे आधीच सांगून ठेवा. संध्याकाळी उपास सुटल्यावर जा.

अलिबागजवळच्या खंडाळ्याचंही विचारून झालंय. तिथल्या एलियाहू हानाबीच्या (प्रेषित एलियाच्या) खडकावर मलिद्याला, म्हणजे पोहे-फळांच्या नैवेद्याला, आपण तू बिश्वाथच्या (झाडांच्या सणाच्या) सुमारास जातो. यंदा ती तिथी शनिवारी, २३ जानेवारी २०२७ ला येते, म्हणून रविवारी २४ ला निघू. येताना नवगावचा स्तंभ आणि अलिबागचं सिनेगॉग. बस ठाण्याहून पनवेलमार्गे नेली तर नवी मुंबईकरांना वाटेत घेता येईल. पोहे, गूळ, खोबरं आपण नेऊ, फळं अलिबागला घ्यायची. त्याचा वेगळा धागा दिवाळीनंतर.

---

कोपरखैरणे_काकू | १६ ऑगस्ट, सकाळी ९.३०

जानेवारीचं जानेवारीत. ढवळायला पाच जणी झाल्या. नारळ खवायला अजून एकाही पुरुषाने नाव दिलेलं नाही.

---

पेटीवाला | १६ ऑगस्ट, सकाळी ९.५०

माझं लिहा. विळी तुमची की मी आणू?

---

कोपरखैरणे_काकू | १६ ऑगस्ट, सकाळी ९.५५

आणा. आणि ती धुऊन आणा, तुमच्या घरी तिच्यावर मासे कापतात.